शिशाची रेघ

स्टोअरकीपर नवाब तांबोळीला गेटवरच्या केबिनमध्ये बसवून ठेवलं होतं आणि स्टोअरच्या किल्ल्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर पडल्या होत्या. पोलिसांना फोन करायचा की नाही, हे दुपारी साहेब पुण्याहून परतल्यावर ठरणार होतं. हे सगळं रामायण घडलं कस्तुरा ओव्हाळच्या एका वाक्यामुळे. सकाळी काळ्या पडद्यामागून बाहेर येऊन ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हणाली होती, "साहेब, या मालात शिसं आहे."

चिंचवडच्या त्या कारखान्यात ट्रकच्या स्टिअरिंगचे भाग तापवून, घणाखाली ठोकून बनत. शिसं मिसळलेलं पोलाद लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, पण तापवून ठोकलं की आतून तडकतं. असा भाग खंडाळ्याच्या घाटात मोडला, तर ड्रायव्हरला देवाचं नाव घ्यायलाही सवड मिळत नाही. म्हणून आलेल्या मालातली सळई आधी कस्तुराच्या स्पेक्ट्रोस्कोपवर चढे. सळई आणि तांब्याच्या कांडीचं टोक यांच्यामध्ये विजेचा झोत पेटवायचा, आणि त्या उजेडाकडे लोलकातून पाहायचं. प्रकाश म्हणजे लाटा, आणि पेटलेला प्रत्येक धातू आपल्या ठरलेल्या लांबीच्याच लाटा सोडतो. त्यामुळे ज्याच्या त्याच्या रेघा ज्याच्या त्याच्या जागी उमटतात. शिशाची रेघ जांभळ्या रंगाच्या अगदी कडेला, नीट लक्ष दिलं तरच दिसणारी.

"माणूस खोटं बोलतो, धातू बोलत नाही," असं प्रयोगशाळेचे प्रमुख दौलतराव काळोखे तिला पहिल्या दिवशी म्हणाले होते. बीएस्सी झालेल्या कस्तुराला त्यांनीच, चार लोक नाकं मुरडत असताना, कामावर घेतलं होतं. नोकरी अजून कच्ची होती. तिचे वडील भिवा याच कारखान्यात घणावर राबून बहिरे झाले होते, आणि पोरगी पंख्याखाली बसून काम करते हे सांगताना त्यांची छाती फुगायची.

आणि नवाबचाचा? डब्याच्या सुट्टीत तिच्या शेजारी आपणहून येऊन बसलेला तो पहिला माणूस. चांगला माल बाहेर विकून त्याने हलका माल आत घेतला, अशी कुजबुज आता शॉपभर फिरत होती. लोकांना काय, चघळायला काहीतरी लागतंच.

सुट्टी होताच डबा तसाच ठेवून कस्तुरा पुन्हा पडद्यामागे गेली. शिकवल्याप्रमाणे तांब्याचं टोक कानशीने घासून साफ केलं आणि झोत पेटवला. रेघ होती. पण या वेळी तिने डोळा हलवला नाही, आणि तिला दिसलं की ठळक उमटलेली ती रेघ बघता बघता फिकी पडतेय. शिसं पोलादाच्या आत असेल तर ते जळत राहील, रेघ टिकेल. वरवर लागलेलं असेल तरच ती अशी विझेल.

तिने टेबलावरचा जुना नमुना घेतला. तो चोख असल्याची खात्री केव्हाच झालेली, रोज कागदांवर वजन म्हणून पडलेला तुकडा. टोक घासलं, झोत पेटवला. त्यातही शिसं! सकाळी हा तुकडा आधी लावून पाहायला हवा होता, आणि तिने तो लावला नव्हता.

मग तिने कानस उजेडात धरली. दातांच्या मुळाशी लालसर काहीतरी होतं. गंज असेल म्हणून तिने पांढऱ्या चिंधीने रगडलं, तर चिंधीला भगवा, तेलकट डाग आला. शेंदूर. आणि शेंदूर म्हणजे शिसंच की. ती जितकं मन लावून टोक साफ करत होती, तितकं शिसं त्याला फासत होती.

दोनच दिवसांपूर्वी, खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा झाली होती, आणि त्यानंतर कानस आजच पहिल्यांदा वापरली गेली होती. कस्तुरा त्या दिवशी रजेवर होती. दसऱ्याला देहूरोडच्या विहारात धम्मचक्र दिन, त्याची तयारी. पूजाअर्चा तिच्या घरातून भिवाच्या तरुणपणीच सुटली होती. आता तिनेच उठून सांगायचं, की तुमच्या पूजेने घोळ केला? गप्प राहिलं तर नोकरी टिकत होती. फक्त नवाबचाचा चोर ठरत होता.

ती दौलतरावांच्या खोलीत गेली आणि चिंधी त्यांच्यासमोर ठेवली. सगळं ऐकून घेतल्यावर दौलतरावांचा चेहरा कडक झाला.

"नवमीला तू आली नव्हतीस," ते म्हणाले. "आता म्हणतेस पूजेनं इस्कोट केला. हे बाहेर बोललीस तर पोरं काय म्हणतील, कळतंय का तुला?"

"कळतंय साहेब. म्हणून आधी तुमच्याकडे आले." तिने चिंधी पुढे सरकवली. "पूजेला माझं काही म्हणणं नाही. कानशीला शेंदूर आहे, एवढंच. तुम्ही स्वतः बघा."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मॅनेजरसाहेब आले होते.

दौलतराव उठून पडद्यामागे गेले. कपाटातून कोरी कानस काढून त्यांनी टोक स्वतः घासलं आणि डोळा लावला. जुना नमुना, मग नव्या मालातल्या सळया, एकामागून एक. जांभळी कड मोकळी होती. मग जुनी कानस खिशात घालून ते मॅनेजरच्या खोलीकडे निघाले. कस्तुरा मागोमाग गेली. आपलं नाव कुठल्या वाक्यात येतंय, याचीच ती वाट पाहत होती.

"माल चोख हाय साहेब," कानस टेबलावर ठेवून दौलतराव म्हणाले. "कानशीला शेंदूर मी लावला हुता, त्यानं फसवलं. चूक माझी. नवाबला बोलवा."

नवाबचाचा आला. मॅनेजरसाहेबांनी किल्ल्या देऊ केल्या तरी त्याने हात पुढे केला नाही. टेबलावरच्या कानशीकडे तो पाहत राहिला.

"कानस पूजेतनं राहिली हुती," तो दौलतरावांना म्हणाला. "मीच तुमच्या हातात दिली. शेंदूरबी मीच आनला, दरसाल आनतो तसा. सकाळी मला एकदा इचारलं असतं, तर सांगितलं असतं."

नवाबचाचाने किल्ल्या उचलल्या आणि कस्तुराकडे न बघता तो स्टोअरकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत कस्तुराने शेजारची जागा पुसून ठेवली. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, तरी ती रिकामीच होती.