चारच्या बसचा प्रश्न

सासूबाईंना आता माझं नाव आठवत नाही, पोटच्या कपिलचंही नाही. पण त्यांच्या आल्टेनहाइमसमोर, म्हणजे वृद्धाश्रमासमोर, चारची बस थांबली की त्या खिडकीकडे वळतात आणि म्हणतात, "हे आले." सासऱ्यांचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, त्यामुळे ते विसरायची वेळच आली नाही.

ती बस बंद करायचा प्रस्ताव क्राइसटागपुढे, इथल्या जिल्हा परिषदेपुढे आला. बाबा, म्हणजे माझे सासरे, रोज त्याच बसनं त्यांना भेटायला जातात; त्यांना गाडी चालवता येत नाही. सभेत रहिवाशांना प्रश्न विचारता येतो, पण नियम कडक: आठवडाभर आधी फॉर्मवर प्रश्न लिहून द्यायचा, भाषण करायचं नाही, माणशी तीन मिनिटं. मी झकास सरकारी जर्मनमध्ये टाइप केलं, पर्यायी वाहतुकीची काय योजना आहे? बाबांनी सहीसाठी फॉर्म आत नेला, बराच वेळ लावला आणि बंद पाकिटातच परत दिला.

सभेच्या दिवशी बाहेर बर्फ पडत होतं, अजिबात आवाज न करता. बाबा उठले, कोट सारखा केला.

"आदरणीय अध्यक्षमहोदया..."

मग टेबलांवरच्या पाट्या वाचत एकेक सभासद. आदरणीय हेर अमुक, आदरणीय फ्राउ तमुक, म्हणजे इथले श्रीयुत आणि श्रीमती. सांगलीच्या वाचनालयात तीस वर्षं सूत्रसंचालन केलेला माणूस; मान्यवरांचा नामोल्लेख टाळणं त्यांच्या रक्तात नाही. नावं सावकाश उतरत राहिली. खिडकीबाहेर बर्फ, आत नावं. मीसुद्धा क्षणभर हरवले.

"अहो बाबा, प्रश्न!"

एकतिसाव्या नावाला घंटा वाजली. वेळ संपली. बाबा मुकाट्यानं बसले. मला त्यांचा असा राग आला, की रडूच फुटलं.

पुढचा नंबर फ्राउ केस्लरचा. याच बसनं जाणारी म्हातारी, घरासमोरच्या उखडलेल्या फूटपाथसाठी वर्षभर खेटे घालणारी; तिचा लेखी प्रश्नही त्याचाच.

"माझा प्रश्न एवढाच," ती म्हणाली, "या गृहस्थांना काय विचारायचं होतं?"

लेखी प्रश्न सोडून आधीच आलेल्या दुसऱ्या फॉर्मबद्दल विचारता येतं का, हे बघायला अध्यक्षबाईंनी नियमांची पानं चाळली. "गेनाऊ, अगदी बरोबर, हे बसतं नियमात." त्यांनी बाबांचा फॉर्म काढला. माझं टाइप केलेलं वाक्य खोडलेलं होतं. खाली बाबांच्या हातचं जर्मन. बाईंनी ते वाचलं.

"चारची बस गेली, तर मी आलोय हे माझ्या बायकोला कसं कळेल?"

मग एकानं टेबलावर टकटक केली. इथं टाळ्यांऐवजी असंच करतात. टकटक वाढत गेली. मतदान झालं, बस वर्षभर तरी ठेवायची ठरली.

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते घड्याळ बघत होते.

"मीनल, चल गं लवकर. ती वळून बघेल."