मुका केलेला लाल दिवा

मी ब्रेकचा दिवा बोलतोय. गाडीच्या डॅशबोर्डवर लाल वर्तुळात उद्गारचिन्ह दिसतं ना, तोच मी. आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे आणि गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही.

या सात माणसांच्या व्हॅनबरोबर कारखान्यातच माझा जन्म झाला. हँडब्रेक ओढलेला असला की लागायचं आणि ब्रेकचं तेल कमी झालं की लागायचं, एवढंच माझं काम. चावी अर्धी फिरवली की आम्ही सगळे दिवे लागून हजेरी देतो. इंजिन सुरू झालं, हँडब्रेक खाली गेला आणि सारं ठीक असलं, तर विझतो. पण माणसाच्या डोळ्यात खुपतो तो दिवा, त्यामागचं दुखणं नाही. पहिला मालक तर मी लागलो की डॅशबोर्डवर थापा मारायचा. थापांनी तेल भरतं का कधी? शेवटी कंटाळून त्याने व्हॅन नांदुऱ्याच्या चंद्रशेखरला विकली.

चंद्रशेखर जुन्या गाड्या घेतो, धुऊनपुसून विकतो. मागच्या चाकापाशी ब्रेकचं तेल झिरपत होतं, म्हणून मी लाल होतो. मला बघून एक गिऱ्हाईक परत गेलं, तेव्हा तो मिस्त्रीला म्हणाला, "तो लाल बल्ब काढून टाक बे. लय बोंबलून राह्यला."

"तेल गळून राह्यलं, भाऊ. ते पाहू का?"

"ते गिऱ्हाइकाले दिसते का?"

बल्ब काढला, वरून थोडं तेल ओतलं आणि गळती तशीच ठेवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझी जीभ गेली, डोळे मात्र शाबूत राहिले. म्हणूनच पुढचं सगळं मला बघावं लागलं.

संग्रामपूरकडच्या एका गावातून धम्मशीला व्हॅन बघायला आली. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर रोज तालुक्याला जायचं, आणि पोरींना एकट्या कोण पाठवणार? धम्मशीला गाडी शिकली होती. ती स्वतः नेणार म्हणून घरच्यांनी पोरींना होकार दिला होता. सोबत तिचे वडील भाऊराव होते. बैल घ्यायचा तर पंचक्रोशीतली माणसं भाऊरावांना बाजारात घेऊन जातात, असा त्यांचा डोळा.

ते आले तेव्हा इंजिन आधीच सुरू करून ठेवलं होतं. भाऊरावांनी बॉनेटवर हात ठेवला, धूर पाहिला, गाडी मागेपुढे करायला लावून तिची चाल पाहिली.

धम्मशीला म्हणाली, "एकदा बंद करून चालू करा ना."

चंद्रशेखर हसला. "चालत्या बैलाले काऊन बसवता, ताई? काका तर पारखी मानूस. इचारा त्याईले."

भाऊराव खुलले. "बराबर आहे. चाल सुदी आहे वं, बाई."

मी तिथेच होतो, काळाठिक्कर. असा संताप कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पोरी शाळेला जाऊ लागल्या. गाण्यांच्या भेंड्यांनी व्हॅन भरून जायची. आणि एका सकाळी गावाबाहेरच्या उतारावर धम्मशीलाचा पाय ब्रेकसकट थेट तळाला टेकला. समोर वळण, खाली नाला. तिने हँडब्रेक ओढला आणि व्हॅन रस्त्याकडेच्या पऱ्हाटीच्या ढिगात घातली. कापसाच्या त्या वाळक्या काड्यांनी पोरी वाचवल्या. पुढे बसलेल्या मयुरीचा हात मोडला.

लोक म्हणाले, नशीब. मयुरीची आई बेबीताई म्हणाली, "माही पोरगी आता नाही येत." बाकीच्या घरांची दारंही बंद झाली.

संग्रामपूरच्या गोविंदा मिस्त्रीने डॅशबोर्ड खोलला आणि माझी रिकामी जागा दाखवली. गळती काढून त्याने तेल भरलं, नवा बल्ब बसवला, चावी अर्धी फिरवली. मी लागलो. इंजिन सुरू केलं, हँडब्रेक सोडला, मी विझलो.

भाऊरावांनी विझलेल्या माझ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "जलमभर बैलाले आधी बसवलं म्या. उठताना पाह्यलं. पायाचं दुखनं चालीत लपते, उठताना नाही लपत. अन् पोरीच्या येळी चालीवर भुललो."

पुढच्या बाजाराच्या दिवशी बापलेक याच व्हॅनमधून नांदुऱ्याला गेले. चंद्रशेखरच्या फाटकात एक नवराबायको सुरू असलेली जीप बघत होते. भाऊराव सरळ जाऊन उभे राहिले.

"बंद कर ते."

"काका, चालत्या बैलाले..."

"बसव त्याले. उठताना पाह्यचं आहे."

चंद्रशेखरने चावी बंद केली. पुन्हा अर्धी फिरवली. भाऊरावांनी बोटाने दाखवलं: लाल दिव्याची जागा काळीच होती. नवराबायकोने वाकून पाहिलं आणि ते फाटकाबाहेर पडले.

जुनी गाडी घेणाऱ्यांनो, जळणाऱ्या दिव्याला शिव्या देऊ नका. इंजिन गार असताना जा, चावी स्वतः फिरवा, आणि जो लागलाच नाही त्याला आधी विचारा.

माझा राग अजून गेलेला नाही. पण काल सकाळी बेबीताई व्हॅनच्या खिडकीशी आली. धम्मशीलाने चावी फिरवली. मी लागलो, मग विझलो. बेबीताईने ते नीट पाहिलं आणि मयुरीचा प्लास्टरमधला हात जपत तिला आत बसवलं.