कुंपणातली वाट

वारज्यात रंगरावाच्या एका शेतावर दोन सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा मधल्या कुंपणात एक माणूस जाईल एवढी वाट राहिली. बैलगाडीच्या जुन्या रस्त्याचं तेवढंच शिल्लक होतं. बाकीचा बिल्डरने पार्किंगखाली घातला. मंजूर नकाशावरचा रस्ता नकाशावरच राहिला.

आयटी आली, शहर वाढलं म्हणतात. डोंबलाचं वाढलं. एका डब्याशेजारी दुसरा डबा ठेवत गेले, इतकंच. प्रत्येक डब्याला तोंड एकच, तेही हायवेकडे.

पद्मजाबाईंनी सदाशिव पेठ सोडून इथे फ्लॅट घेतला तो त्या वाटेच्या भरवशावर. पलीकडच्या सोसायटीत त्यांची धाकटी बहीण विजयमाला एकटी राहायची. अर्धांगवायूने आडवी झाल्यापासून ती फक्त पद्मजाबाईंच्या हातून जेवायची. भाताची वाफ जायच्या आत त्या पलीकडे पोचत.

त्यांचे यजमान शरच्चंद्र सोसायटीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेला माणूस; हाताखाली कोणी उरलं नाही म्हणून वॉचमनवर साहेबगिरी. सभेत तरुण मेंबरांनी सिक्युरिटीचा इश्यू काढला. त्या वाटेने वस्तीतल्या बायका येतात, म्हणे. त्याच बायका यांची भांडी घासत होत्या. त्यांनी उडत यावं अशी अपेक्षा असावी. शरच्चंद्रांनी वाटेवर दार बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पेठेतल्या त्यांच्या घराचं मागलं दार असंच होतं. जगाला बंद, घरच्यांना उघडं. इथे पलीकडेही माणसं राहतात, त्यांना विचारावं लागतं, हे अध्यक्षांच्या डोक्यात शिरलंच नाही.

पलीकडचे भडकले. त्यांनी आपल्या बाजूने विटांची भिंत घातली आणि वर काचा रोवल्या.

आता बहिणीकडे जायचं तर हायवेला यायचं, पुलाखालून वळायचं, सर्व्हिस रोडने उलटं जायचं. एवढ्याशासाठी रिक्षावाले येत नाहीत. पद्मजाबाईंचे गुडघे गेलेले. त्या पोचेपर्यंत भाताचा गोळा व्हायचा आणि विजयमाला तोंड फिरवायची. महिन्याभरात तिची हाडं दिसायला लागली.

शरच्चंद्र भिंत पाडा म्हणायला पलीकडच्या सेक्रेटरीकडे गेले. राजस नावाचा, अमेरिकन कंपनीत काम करणारा पोरगा. लॅपटॉपवरून नजर न काढता तो म्हणाला, "काका, पॉलिसी तुमचीच. आउटसायडर्स नकोत."

मग रस्त्याचा जुना मालक म्हणून ते रंगरावाकडे गेले. शेत विकून घेतलेल्या काळ्या जीपमध्ये तो बसला होता.

"माझं काय हाय आता तिथं?" म्हणाला आणि काच वर केली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की पुढच्या सभेत विषय घेऊ, ठराव करू. पद्मजाबाई बॅगेत साड्या भरत होत्या.

"ठराव सावकाश करा. मी तिच्याकडे राहायला चालले."

"आणि माझं जेवण?"

"तिकडे या ना जेवायला. चालत."

त्या संध्याकाळी अध्यक्ष हायवेपर्यंत आले. पुलापर्यंत पोचायला रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून हात वर करून बराच वेळ उभे राहिले. एकही ट्रक थांबेना. शेवटी परत फिरले आणि वॉचमनला म्हणाले, "कुठे डबा मिळतो का बघ."

"डबेवाली त्या कुंपणातल्या वाटेनंच यायची, साहेब," वॉचमन म्हणाला. खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.