फक्त पाहुणे

आमच्याकडे येणारे लोक देश बघत नाहीत, देश करतात. "आमचा इजिप्त झाला," असं ते काउंटरला टेकून सांगतात, कांजिण्या झाल्याचं सांगावं तसं. "ग्रीस गेल्या वर्षी केला. पेरू तेवढा राहिलाय." राहिलेल्या पेरूची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर अशी दिसते, जणू गॅस बंद करायचा राहिला आहे. आमची सहल कंपनी याच काळजीवर चालते. 'बारा दिवसांत नऊ देश' ही आमची सगळ्यात खपणारी सहल. त्यातला एक देश लोकांना बसमध्ये झोपेत होतो. तरीही तो मोजला जातो आणि त्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.

कचेरी ड्रायक्लीनरच्या वर आहे. दिवसभर खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे आमच्या जाहिरातींतली वर्षावनं आम्हाला घरच्यासारखी वाटतात. भिंतीवर चार मोठ्या शहरांची वेळ दाखवणारी चार घड्याळं आहेत. तीन बंद आहेत. चौथं चालतं, पण त्याखालची पाटी पडल्यामुळे ते कुठल्या शहराचं आहे हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

घड्याळांखाली जगाचा नकाशा आणि नकाशाखाली नकाशाताई. सहलींचे कार्यक्रम ती आखते. 'सव्वानऊ ते पावणेअकरा: प्राचीन मंदिरसमूह (स्वच्छतागृह धरून)' ही तिची शैली. त्याआधी बरीच वर्षं ती छत्री उंच धरून गटांबरोबर हिंडली. जगातली आश्चर्यं तिने अक्षरशः पाठ केली होती. म्हणजे त्यांच्याकडे पाठ करून ती माणसं मोजत उभी असायची.

एके दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. केबिनच्या भिंती प्लायवूडच्या असल्यामुळे गुप्त चर्चा आम्हाला वेगळी कळवावी लागत नाही.

"साहेब, एक नवी सहल सुचलीये. पेट्रा."

"पेट्रा आहे की आपल्याकडे. जॉर्डनच्या दिवशी, जेवणाच्या आधी."

"नुसतं पेट्रा. सहा दिवस."

साहेबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही, पण धक्का बसला की ते काढतात. "सहा दिवस लोक करतील काय?"

"बघतील."

"आणि बघून झाल्यावर?"

"परत बघतील."

"अगं, दगड आहेत ते! दुसऱ्या दिवशी तेच दगड उचलून आपल्याला मारतील."

"दगडच आहेत, साहेब. पण त्या दगडांत माणसांनी अख्खं शहर कोरलंय. दोन कड्यांमधल्या फटीतून चालत जायचं. फट इतकी अरुंद, की वर आभाळाची नुसती रेघ दिसते. शेवटी वळण येतं आणि समोर एकदम ती कोरलेली भिंत. सकाळी ती वेगळ्या रंगाची असते, दुपारी वेगळ्या. आपण लोकांना तिथे फोटोपुरतं उभं करतो आणि बसकडे हाकतो. मी एकदा निघताना मागे वळून बघितलं होतं. ऊन नुकतंच भिंतीवर आलं होतं."

"मग?"

"मग काय, तेवढ्यात दोन माणसं हरवली."

साहेब तसे वाईट नाहीत. माणसाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून ते अटी घालतात. "महिनाअखेरीला आपला ग्राहक मेळावा आहे. तिथे तुला दहा मिनिटं देतो. त्या संध्याकाळी एक बसभर माणसांनी नावं दिली, तर काढ सहल. नाहीतर हरवलेल्या सामानाचे काका निवृत्त होताहेत, त्यांच्या टेबलावर तू बसायचंस. एकाच जागी राहायची तुला आवड आहेच."

ते टेबल बाथरूमच्या दाराशी आहे. त्यावरचा फोन उचलला की पलीकडून कुणीतरी रडत असतं किंवा शिव्या देत असतं. बहुधा दोन्ही. नकाशाताई बाहेर आली, पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि कामाला लागली.

तिने पत्रक केलं. गुलाबी कड्याचं एक चित्र आणि खाली एकच ओळ: 'पेट्रा. फक्त पाहणे.' ना यादी, ना 'मंत्रमुग्ध', ना 'नयनरम्य'. 'नयनरम्य'शिवाय निघालेलं हे आमच्या कंपनीचं पहिलंच पत्रक. आम्हाला ते जरा उघडंबोडकं वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी गठ्ठे छापखान्यातून थेट सभागृहात आले. आम्ही खुर्च्यांवर एकेक पत्रक ठेवत सुटलो. अर्ध्या रांगा झाल्यावर हिशेबनीसबाई थबकल्या.

"ताई, हे 'पाहुणे' मुद्दामच का गं?"

"काय पाहुणे?"

पत्रकावर लिहिलं होतं: 'पेट्रा. फक्त पाहुणे.'

एक उकार. तेवढा एक उकार ताईने बोटाने झाकून पाहिला. तिने छापखान्यात फोन लावला.

"ताई, मी 'पाहणे'च टाइप केलं होतं," छापखानेवाला म्हणाला. "मशीननं आपोआप सुधारलं."

"मशीनला काय कळतं?"

"तेच तर मी म्हणतोय!" असं म्हणून, आपली बाजू पटली या समाधानात त्याने फोन ठेवला.

पत्रकं गोळा करायला वेळ नव्हता. लोक आत येऊन त्यांवर बसू लागले होते, काहींनी वारा घ्यायला सुरुवात केली होती. आधी 'नऊ देशां'ची चित्रफीत झाली. तिच्यात देश इतक्या वेगाने बदलतात, की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना दरवर्षी भोवळ येते. मग चहा. चहानंतर, म्हणजे निम्मे लोक चपला शोधत असताना, नकाशाताई मंचावर गेली.

ती माइकपाशी पोचण्याआधीच पहिल्या रांगेतून दातांचे डॉक्टर उभे राहिले. हे आमचे सगळ्यात जुने ग्राहक. एकही देश त्यांनी कधी अर्धवट सोडलेला नाही.

"हे 'फक्त पाहुणे' काय प्रकरण आहे? आम्ही घरची माणसं. आम्ही यायचं नाही की काय?"

"व्याह्यांना पाठवायची सोय दिसतेय!" मागून कुणीतरी ओरडलं. "परतीचं तिकीट काढू नका म्हणावं!"

सभागृह हसलं. चपला शोधणारेसुद्धा हसायला थांबले. मंचाच्या कडेला साहेबांनी सामानवाल्या काकांकडे पाहिलं, आणि काकांनी सहानुभूतीने मान हलवली.

ताईने हातातलं पत्रक पाहिलं. छपाईची चूक झाली, क्षमस्व, एवढं म्हणून ती सुटली असती. आम्हाला वाटलं, म्हणेलच.

"बरोबर वाचलंत, डॉक्टर," ती म्हणाली. "तुमच्याकडे पाहुणा आला, तर त्याला काय म्हणता?"

"काय म्हणणार? या, बसा म्हणतो."

"आणि तो उठून भांडी घासायला लागला तर?"

"छे छे! अहो, तुम्ही काही करू नका, म्हणतो. निवांत बसा."

"मग तुम्ही जगात जिथे जाता तिथे सारखं काहीतरी करत का असता?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. तोंड उघडून गप्प राहण्याचा अनुभव त्यांच्या पेशंटांना असतो, त्यांना नव्हता.

"इजिप्त केला, ग्रीस केला, कंबोडिया केला," ताई बोटांवर मोजत म्हणाली. "इतकं काम तुम्ही घरी तरी करता का?"

"घरी?" डॉक्टरांच्या शेजारून डॉक्टरीणबाई उसळल्या. "घरी यांनी आजपर्यंत चहासुद्धा केलेला नाही!"

आता जे हसू फुटलं ते वेगळं होतं. मघाशी लोक ताईला हसले होते, आता एकमेकांना ढोसून हसत होते. कित्येक बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं, आणि कित्येक नवऱ्यांना छताचा पंखा अचानक बघण्यासारखा वाटला.

हसू ओसरायच्या आत ताई बोलायला लागली. त्या शहरात रोज सकाळी कसं जायचं, कड्याच्या कडेने कोरलेल्या पाण्याच्या पाटांवरून बोट फिरवत कसं चालायचं, दुपारी सावलीत नुसतं कसं टेकायचं, राजांच्या थडग्यांवर उतरतं ऊन आलं की दगडातले पट्टे कसे पेटतात, हे तिने सांगितलं. "मी तुम्हाला मोजणार नाही," ती शेवटी म्हणाली. "छत्री घरी ठेवणार आहे. हरवलात तर हरवलात. संध्याकाळी भूक लागली की याल."

डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे वळल्या. माइक जवळच असल्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"अहो, आपलं पेट्रा झालंय ना?"

"झालंय की."

"मग मला कसं आठवत नाही?"

"असं काय करतेस? फोटो आहे ना. तू आहेस त्यात."

"माझ्या मागे काय आहे?"

डॉक्टर प्रामाणिक माणूस. त्यांनी विचार केला. "दुसऱ्या ग्रुपची माणसं," ते म्हणाले.

बाई उठल्या, मंचापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आमची दोन नावं लिहा. यांचं मी विचारलेलं नाही, पण लिहा."

त्यानंतर नावनोंदणीच्या टेबलाशी रांग लागली. आमच्याकडे पेनं कमी पडली. सभागृह बंद करायला आलेला रखवालदार दिवे मालवायचे सोडून, आत कुणाचं लग्न ठरलं का, असं विचारून गेला. बस भरली. साहेबांनी यादी एकदा वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि चष्मा काढला.

पण साहेबांनी हार मानली असती तर ते साहेब कसले? दुसऱ्या दिवशी केबिनमधून आवाज आला: "सभागृहात टाळ्या मिळतात गं. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. हॉटेलच्या दारात मी एक बस उभी ठेवतोय, ड्रायव्हरसकट. मृत समुद्र, वाळवंट, जिथे म्हणतील तिथे. मी ओळखतो आपल्या माणसांना. तिसऱ्या दिवशी ते बस मागतील. आणि ती बस हलली, की तुझी ही सहल पहिली आणि शेवटची. काकांचं टेबल मी पुसून ठेवलंय."

"ठेवा पुसून," ताई म्हणाली. "धूळ बसलीच होती."

ती गट घेऊन गेली. पहिल्या दिवशी फोन नाही. दुसऱ्या दिवशी फोन नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब केबिनचं दार उघडं टाकून बसले आणि आम्ही सगळे त्या दारापाशी काही ना काही शोधू लागलो. हिशेबनीसबाई तर टाचणी शोधत होत्या.

फोन वाजला. साहेबांनी स्पीकर लावला. विजय चारचौघांत साजरा करायचा असतो, असं त्यांचं मत.

"साहेब, मी दातांचा डॉक्टर बोलतोय. त्या बसचं बघा काहीतरी."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. इतका प्रेमळ चेहरा आम्ही फक्त बोनस नाकारताना पाहिला होता. "बोला ना, डॉक्टर! कुठे जायचंय? मृत समुद्र?"

"कुठे नाही हो. ती बस परत पाठवा."

"परत?"

"तो ड्रायव्हर रोज सकाळी दारात येऊन विचारतो, निघायचं का? सज्जन माणूस आहे. त्याला रोज नाही म्हणायला बरं वाटत नाही. काल तर आमचेच चारजण त्याला बरोबर घेऊन गेले बघायला. इतक्या वर्षांत त्याने पार्किंगच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं म्हणे."

"पण डॉक्टर," साहेबांचा आवाज बारीक झाला, "तुमचं तिथलं सगळं झालं असेल ना एव्हाना? कड्यावर कोरलेला तो मठ वगैरे?"

"मठ? मठ नाही झाला."

डॉक्टरांचं काहीतरी राहिलं होतं.

"निघालो होतो चढून," डॉक्टर सांगू लागले. "अर्ध्या पायऱ्यांवर एक सपाट दगड मिळाला. म्हटलं, जरा टेकू. समोरच्या कड्याचा रंग बदलत होता. हिला म्हटलं, तू हो पुढे. ती म्हणाली, मीही बसते. मग बसलो दोघं. बोलत बसलो."

"काय बोललात?" हे साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"ते तुम्हाला कशाला?" डॉक्टर म्हणाले. "आणि हो, उद्याही तिथेच जायचंय, तेव्हा उगाच दुसरं काही ठरवू नका. मठ राहिला तर राहू दे. ठेवतो."

साहेबांनी स्पीकर बंद केला. मग आमच्यादेखत त्यांनी बसवाल्याला फोन लावला आणि गाडी परत बोलावली. हिशेबनीसबाईंना टाचणी सापडली. कुणीतरी टाळी वाजवली, आणि एकाने वाजवल्यावर दुसऱ्याला वाजवावीच लागते, तशी सगळ्यांनी वाजवली. खालून ड्रायक्लीनरने छताला काठी ठोकून, काय चाललंय, असं विचारलं.

ताई परतली तेव्हा तिच्या नाकाची साल निघाली होती आणि चाल बदलली होती. ती दारातून आत आली, आणि साहेब केबिनमधून बाहेर येऊन उभे राहिले. नोकर माणसासाठी उभे राहिलेले साहेब आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आपले हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले.

"बरं," ते म्हणाले. "पुढची कुठली?"

ताई नकाशासमोर गेली. आधी आफ्रिकेवर रेंगाळली, मग एका मोठ्या धबधब्यापाशी थांबली, तिथून निघाली आणि उत्तरेकडच्या बर्फापाशी बराच वेळ उभी राहिली. आम्ही कामं सोडून बघत होतो. साहेबांनी दोनदा घसा खाकरला.

"ठरलं का?"

"बघतेय," ताई म्हणाली. वळली नाही.

साहेबांनी एक खुर्ची ओढली, तिच्याशेजारी बसले आणि नकाशाकडे बघू लागले.