आई उठल्याच नाहीत

आमच्या परदेशातल्या सहलीचे मुकादम म्हणजे माझे सासरे, बाबा. राजवाडा दिसला की ते आम्हाला दारासमोर ओळीत उभं करत, फोटो काढत आणि म्हणत, "झालं! चला बसमध्ये. आत काय, तेच ते." दोन राजवाडे आणि तीन चर्च आम्ही असे बाहेरूनच उरकले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मुकाट्याने मागून यायच्या. सरकारी इस्पितळात जन्मभर नर्स म्हणून राबलेली बाई. निवृत्त झाल्यावर ही सहल काढली तीही त्यांच्याच हट्टाने.

पुढच्या चर्चपाशी बाबांनी मोबाइल काढला, तेव्हा ओळीत आई नव्हत्या.

"आता ही कुठे कडमडली?"

मी आत धावले. खांबांवर सोनेरी वेली चढलेल्या, भिंतभर संगमरवरी देवदूत, आणि मधल्या बाकावर आई चक्क उताण्या पडलेल्या! चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या.

"आई! काय होतंय तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? वर बघ."

वर अख्खं आभाळ रंगवलेलं होतं. ढगांच्या कडेला पाय सोडून बसलेली माणसं, उधळलेले घोडे, कुणाचा तरी वाऱ्यावर उडालेला निळा शेला.

"पेशंट म्हणायचे, 'सिस्टर, वॉर्डच्या छतावरचा डाग न् डाग पाठ झालाय.' मला मेलं कधी आडवं व्हायलाच मिळालं नाही."

तेवढ्यात पहारेकरी आला आणि त्याने उठायची खूण केली. आई उठून बसल्या, गोड हसल्या. तो वळताच पुन्हा आडव्या.

मागोमाग बाबा तणतणत आले. "अगं, जनाची तरी लाज बाळग! बस सुटतेय."

"सुटू दे. मला पाय आहेत, तोंड आहे. विचारत विचारत येईन."

त्यांच्यामागून आलेला माझा नवरा दोघांच्या मधे उभा राहून चष्मा पुसत होता. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"सूनबाई, तू तरी सांग हिला!"

बाबांना मी आजवर कधी उलट बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही. चपला काढल्या आणि शेजारच्या बाकावर पडले.

बस दोघा पुरुषांना घेऊन गेली. आम्ही मान भरून येईपर्यंत छत पाहिलं, रस्ता दोनदा चुकलो आणि पाय सुजवून संध्याकाळी हॉटेलवर पोचलो. बाबा पेपरात तोंड खुपसून बसले होते.

"उद्या नदीकाठचा राजवाडा," आई म्हणाल्या. "आम्ही आतून बघणार. यायचं तर या, पण मागे लकडा लावायचा नाही."

बाबा आले, पण हट्टाने बाहेरच्या पायरीवरच बसून राहिले. त्यांच्याजवळ नवरा थांबला. आईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. आरसेमहाल, राणीचं शेजघर, नाचाचं दालन, सगळं डोळे भरून पाहिलं. शेवटी तिथला माणूस एकेक दिवा मालवत आमच्याकडे आला.

"थांबा हो जरा," आई मराठीतच त्याला म्हणाल्या, "हा कोपरा राहिलाय माझा."


तो थांबला.