पन्नास चड्ड्यांचं काम

चड्डीमास्तर या नावाचा त्याला कधी राग आला नाही. रेघांच्या कापडाच्या, नाडीच्या, गुडघ्याला टेकणाऱ्या चड्ड्या शिवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती आणि एवढ्या काळात एकाही गिऱ्हाइकाची नाडी बाहेर डोकावली नव्हती. आतलं कापड आतच राहायला हवं, यावरून तो कुणाशीही भांडायला तयार असे. पण आता चड्डी शिवून घेतो कोण? जुनी गिऱ्हाइकं एकेक करत वर गेली, त्यांची पोरं खोक्यातल्या तयार चड्ड्या घालू लागली. आता काम मिळालं नाही तर दुकान बंद करून मुलाकडे जायचं, हे ठरलेलंच होतं. तिथे मशीनला जागा नव्हती.

म्हणून एका दुकानदाराने नव्या पद्धतीच्या पन्नास चड्ड्या शिवायला दिल्या, तेव्हा मास्तर हरखून गेला. सोबत चार बोटं रुंद इलॅस्टिकचा पट्टा होता. त्यावर दुकानाचं नाव, लांबून वाचता येईल एवढं मोठं.

आठ दिवस मास्तरने मान वर केली नाही. दुकानदाराने पहिली चड्डी उलटसुलट करून पाहिली.

"मास्तर, नाव कुठंय?"

"आत घेतलंय," मास्तर ऐटीत म्हणाला. "वरून कापड दुमडलंय. कुणाला पत्ता लागायचा नाही."

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "अहो, ते दिसायलाच असतं! पोरं पँट खाली ओढून मिरवतात."

"लाज नाही वाटत?"

"लाज तुमच्या चड्डीची वाटते त्यांना."

सगळं मुसळ केरात. तरी दुकानदार भला माणूस. त्याने आणखी दहा तुकडे दिले. हे जमले तर पुढचं काम मास्तरचं.

सकाळीच मास्तर मशीनवर बसला. बायको शेजारी.

"अहो, नाव बाहेर हं."

"कळलं गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पहिली चड्डी नीट झाली. दुसरीला बोटांनी कापड आपोआप वर दुमडलं. बायको हसली. त्याने ते उसवलं, पट्ट्यावर सुईची भोकं राहिली. तिसरीलाही तेच झालं, तेव्हा ती हसायची थांबली.

"मुद्दाम करताय का?"

"नाही गं. हात ऐकत नाहीत."

त्याला स्वतःच्याच हातांची भीती वाटली. उरलेल्या सात तुकड्यांना तो शिवला नाही. सुईतला दोरा ओढून काढत तो म्हणाला, "पोराला फोन कर. म्हणावं, येतोय. दोघंच."