महाराजांच्या बोटातला थेंब

लाँड्रीमागच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध, साचलेल्या डबक्याच्या काठाशी महाराज उघड्या अंगानं बसले होते. दंडावर डासांची रांग लागली होती, पण एकालाही ते हाकलत नव्हते.

"चावा, बाळांनो, पोटभर चावा! अख्ख्या वस्तीला हिवताप, मला साधी शिंक तरी आली का? मी फुंकलेलं पाणी प्या. गोळी घेतली की गुण संपला!"

गर्दी थक्क झाली. लाँड्रीतल्या इस्त्रीवालीनं मात्र आपल्या चार वर्षांच्या पोरीला घट्ट कवटाळलं. दोन दिवस ती तेच पाणी पाजत होती. सकाळपर्यंत पोर निदान बरळत तरी होती, आता हाक मारली तरी डोळे उघडेना.

तेवढ्यात दवाखान्यात रक्त तपासणारी तिची नणंद धावत आली. "वहिनी, रिक्षा बोलावलीय. तोवर रक्त बघते." तिनं पोरीच्या रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर घेतला आणि वळली. "महाराज, तुमचंही द्या."

"घे की!" महाराजांनी ऐटीत बोट पुढं केलं.

रिक्षा आली तोवर दोन्ही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा उमटल्या होत्या. दोघांच्याही रक्तात हिवताप!

"लहानपणी किती वेळा झाला होता?" नणंदेनं विचारलं.

"दरवर्षीच," महाराज बोलून गेले आणि जीभ चावली.

"ऐकलंत? सारखं आजारी पडून यांचं शरीर त्या जंतूला ओळखायला शिकलंय. त्याला दाबून ठेवतं, म्हणून ताप चढत नाही. पोरीच्या शरीराला ही ओळखच नाही. जंतू तांबड्या पेशीत दडतो, ती फोडून बाहेर पडला की शरीर जिवाच्या आकांतानं झुंजतं. तोच हा ताप. ती ओळख पाण्यातून कशी देणार? उलट यांना चावलेले डासच यांच्या रक्तातले जंतू घेऊन तुम्हाला चावतायत!"

बायका पोरांना ओढत मागं सरल्या.

"ताई, वाचेल ना गं?" रिक्षात इस्त्रीवालीनं विचारलं.

"उशीर झालाय, वहिनी. खोटं नाही सांगत."

दवाखान्यात दोन दिवस सलाइन आणि इंजेक्शनं चालली. तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडले, आईला ओळखलं. आईला मात्र कितीतरी वेळ रडूही फुटेना.

आता ती दारोदार सांगत फिरते, "ताप आला की आधी रक्त तपासा. डॉक्टरांच्या गोळ्या मध्येच सोडू नका. आणि कुणी म्हणालं, मला काही होत नाही, तर हात जोडू नका. का होत नाही, ते विचारा. मी विचारलं नव्हतं."